दुसरा पंप

३ फेब्रुवारी

चि. बुच्या,

आशीर्वाद घ्यायचे की नाही ते तू ठरव, पण त्याआधी एवढं वाच: धाकटी बोट ताबडतोब पाण्याबाहेर काढ. आणि ती कोरड्या जमिनीवर येईपर्यंत तिच्या बुडातल्या एकाही कॉकला हात लावू नकोस. फिरवू नकोस, ठोकू नकोस, पुसूदेखील नकोस.

झालं. आता पत्र फाडायला तू मोकळा आहेस.

फाडलं नसशील तर पुढचं सांगते. घाईत लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तसंही माझं अक्षर म्हणजे तुझ्या मते मुंग्यांची मिरवणूकच.

काल थोरली क्रेनने उचलून यार्डात ठोकळ्यांवर बसवली. विमावाल्यांनी कळवलं होतं की इतक्या म्हाताऱ्या बोटीचा तळ त्यांच्या माणसाने पाहिल्याखेरीज पुढचा विमा उतरणार नाही. माणूस म्हणून आली ती एक तिशीतली बाई. खिशात छोटी हातोडी, तोंडात लवंग, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दावर जकात भरावी लागते की काय. तिने बाहेरून फळी न् फळी ठोकून पाहिली. ठक, ठक, ठक. "लाकूड छान आहे," म्हणाली. मी अशी फुलले, जणू ते झाड मीच लावलं होतं. यार्डातला मिस्त्रीही शेजारी उभा राहून मान डोलवत होता. त्याने थोरलीला आजवर एक खिळाही मारलेला नाही, पण कौतुकात वाटा घ्यायला तो कधी मागे नसतो.

मग ती आत आली, केबिनच्या जमिनीच्या फळ्या काढल्या, पालथी पडली आणि इंजिनाच्या पाण्याचा कॉक ठोकला.

थप.

टण् नाही, ठण् नाही. थप. नासक्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज.

"हा कुणी बसवला?"

"आमच्या अप्पांनी. स्वतःच्या हाताने. अस्सल कांस्य आहे, बघा ना कसा लाल झालाय."

तिने लवंग या गालातून त्या गालात नेली. "मॅडम, जरा मागे सरा," म्हणाली, आणि कॉकचा दांडा धरून दाराची कडी काढावी इतपत जोर लावला.

तो तिच्या हातात आला. बुच्या, तुटला असंही म्हणवत नाही. शिळा टोस्ट मोडावा तसा मोडला. मोडलेली कड गुलाबी होती, तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखी, आणि तिच्यातून भुगा गळत होता. जिथे कॉक होता तिथे आता एक गोल भोक. त्या भोकातून मला खाली यार्डातलं ऊन दिसलं, आणि उन्हात पंजा चाटत बसलेलं मांजर. त्याने वर पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ते पुन्हा पंजा चाटायला लागलं.

त्या भोकापलीकडे परवापर्यंत समुद्र होता. गेल्या रविवारी मी आईला घेऊन दीपगृहापर्यंत जाऊन आले. आई नेमकी त्याच फळीवर बसून स्वेटर विणत होती आणि म्हणत होती, "पाण्यावर किती शांत वाटतं गं."

बाईने मोरीचा कॉक ठोकला, संडासाचा ठोकला. थप. थप.

आता तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतं: थोरलीचं झालं ते थोरलीचं. अरे, दोन्ही बोटींचे कॉक एका खोक्यातून निघाले. अप्पांनी एकाच उन्हाळ्यात ते दोघींना बसवले. धाकटीच्या वेळी टॉर्च धरायला तूच होतास, आणि झोप लागून तो तूच बुडातल्या पाण्यात पाडलास.

बंदराच्या ऑफिसातला कारकून तुझं टपाल उघडून वाचतो, असं तुझ्या खारूने आजीला सांगितलंय. तेव्हा दोन ओळी त्याच्यासाठी. कारकूनसाहेब, नमस्कार. बोटीच्या बुडाला पाण्याखाली मुद्दाम भोकं ठेवलेली असतात: इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, मोरीचं न् संडासाचं बाहेर सोडायचं. प्रत्येक भोकात एक नळी, नळीवर एक कॉक. समुद्र आणि माणसाचं अंथरूण यांच्यामध्ये एवढंच असतं. म्हणून आमचे अप्पा प्रत्येक कॉकशेजारी दोरीने एक लाकडी बूच टांगत. कॉकने दगा दिलाच तर भोकात ठोकायला. तुमच्या बंदरात बोटीवर राहणारा माझा भाऊ जन्मला तेव्हा हुबेहूब त्या बुचाच्या आकाराचा होता. नाव तिथून पडलं. त्याने हे पत्र फाडलं तर त्यातला मजकूर त्याला तोंडी सांगा. उपकार होतील.

आई बरी आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

ताई


९ फेब्रुवारी

चि. बुच्या (आणि कारकूनसाहेब),

फोन केला होता. तुझ्या बायकोने उचलला. मी म्हटलं, "वहिनी, हे हसण्यावारी नेऊ नकोस."

ती म्हणाली, "ताई, मी कुठे हसतेय?"

मागून तुझा आवाज आला: "तिला म्हणावं, आधी सांग पंप किती आहेत!" आणि फोन बंद.

मग आईच्या फोनवरून खारूला गाठलं. पोरगी गोड आहे, पण खोटं बोलायला अजून शिकलेली नाही. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात, तुझ्या बोलण्यातून विनोद वजा केला की शून्य उरतं." गणित तिचं चांगलं आहे, मान्य.

तेव्हा आता सरळ बोलू. अप्पांच्या शोकसभेत तू उभा राहिलास आणि म्हणालास, "अप्पांच्या बोटीत पाण्याचा थेंब कधी शिरला नाही." मागच्या रांगेतून मी म्हटलं, "म्हणून तर पंप दोन होते." सगळं यार्ड हसलं. अप्पा असते तर तेही हसले असते, आणि मग माझ्या पाठीत धपाटा घातला असता. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी घेऊन कायमचा निघालास, आणि जाताना तिच्यातला, बुडातलं पाणी उपसायचा दुसरा पंप उपटून माझ्या दाराशी ठेवून गेलास. एक शब्द नाही. नुसता पंप, तारा लोंबत असलेला.

ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पंप दोन होते. पण बुच्या, हे पत्र म्हणजे ते वाक्य नव्हे. मी तुझ्या अप्पांची टिंगल करत नाहीये. मी घाबरले आहे. माझ्या तोंडून हे कसं ऐकू येतं ते मला कळतं. जन्मभर विदूषकाचं काम केलेल्याने आग लागली म्हणून ओरडावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, तसं झालंय.

तपासनीस बाई परत आली होती. तिला विचारलं, हे झालं कसं? या वेळी ती चक्क चार वाक्यं बोलली. ते कॉक कांस्याचे नाहीतच, घरातल्या नळाला चालतील असे साधे पितळेचे आहेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त विरघळून निघून जातं आणि उरतो तो तांब्याचा स्पंज, आकार तोच, जीव गेलेला. आणि रंग दिवसेंदिवस लाल होत जातो.

लाल होत जातो! आठवतं ना, आपल्या घरात त्या लालीचं काय कौतुक होतं? दर महिन्याला आई लिंबू-मीठ लावून सगळे कॉक घासायची. अप्पा शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताला धरून आणायचे: "बघा, वर्षागणिक लाल होतोय. अस्सल माल आहे. हलका असता तर काळा पडला असता." आपण दोघं माना डोलवायचो. अप्पांनी तुला लेथवर घातलं आणि मला संस्कृत शिकायला. मी उमेदीची वर्षं हेत्वाभास पाठ करण्यात घालवली, खोटं कारण खऱ्याचं सोंग कसं घेतं ते मुलांना फळ्यावर समजावलं, आणि घरात मात्र "लाल आहे, म्हणून शुद्ध आहे" हे अनुमान डोळे मिटून गिळलं. दोरीला साप समजणारे पुष्कळ असतात. आपण सापाला दोरी समजलो, आणि वर त्याला लिंबू चोळलं.

बाई म्हणते, लिंबू-मिठानेसुद्धा पितळ वरवर लालसर होतं. म्हणजे नुसत्या रंगावरून काही कळायला मार्गच नव्हता. ठोकायला हवं होतं. ठोकायचं सोडून आपण पुसत बसलो. मिस्त्री मध्येच म्हणाला, "मी तर कायम सांगत होतो." काय सांगत होता ते विचारल्यावर त्याला घरी काम निघालं.

काल खारूने आजीला फोटो पाठवला. तिचे ओले मोजे धाकटीच्या केबिनमध्ये वाळत घातलेत, कशावर, तर मोरीच्या कॉकच्या दांड्यावर. मोज्यांमागे कॉक, लालबुंद, आरशासारखा. आई चष्मा लावून कौतुकाने म्हणाली, "बघ, लेकाने किती निगा राखलीये." मी तिच्या हातून फोन घेऊन तो फोटो मोठा करून पाहिला.

तो नुसता लिंबाचा लाल असावा, अशी आशा आहे. पण आशेवर बोट तरंगत नाही. बोट काढ.

ताई


१४ फेब्रुवारी

बुच्या,

कारकूनसाहेबांचं कार्ड मिळालं. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा फार चांगलं आहे. लिहितात: "साहेब म्हणतात, क्रेन महिनाअखेर रिकामी होईल तेव्हा बघू. अप्पांच्या हातचं काम आहे, घाई नाही."

आता जे लिहिते आहे ते लिहू नकोस, अशी आईने मला शपथ घातली आहे.

मोडलेला कॉक मी कागदात गुंडाळून घरी आणला होता आणि डब्यांच्या मागे लपवला होता. आपल्या आईपासून स्वयंपाकघरात काही लपवणं ही कल्पनाच मूर्खपणाची. शाळेतून आले तर तो टेबलावर, आणि ती समोर बसलेली.

"हा कुठून आणलास?"

"थोरलीतून."

"थोरलीतून कसा असेल? हे तर त्यांनी बदललेत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुणी बदललेत?"

"तुझ्या अप्पांनी. मी मावशीकडे राहायला गेले होते तेव्हा. मीच मागे लागले होते ना त्यांच्या."

बुच्या, मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. मग एकेक करून निघालं. अप्पांनी कॉक बसवले त्याच्या पुढच्याच वर्षाची गोष्ट. सगळे जेवायला थांबलेत आणि अप्पांचा पत्ता नाही, म्हणून आई बोलवायला गेली. तर अप्पा थोरलीच्या बुडाशी हातोडी घेऊन बसलेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "आवाज बरा नाही." मग म्हणाले, "दुकानदाराने कांस्य सांगून पितळ गळ्यात मारलं बहुतेक." आई म्हणाली, मग बदला. ते म्हणाले, बदलतो, पण आत्ता नको, यार्डभर सांगून बसलोय. आणि चारच दिवसांत दोन मोठे पंप घेऊन आले, दोन्ही बोटींना एकेक. बुचंही नवी कातून घेतली, जाड, मऊ लाकडाची.

"पंप कशाला विचारलं, तर म्हणाले तात्पुरती सोय," आई म्हणाली. "मग मी परत आले तेव्हा म्हणाले, बदलले सगळे. मी बघायला गेले का? घासताना एवढे लाल लाल दिसायचे. म्हटलं, या वेळी खरंच चांगला माल आणला."

मी तिला म्हटलं, "आई, तेच होते ते. पहिलेच."

तिने तो कॉक उचलून पदराने पुसला.  मग म्हणाली, "त्याला लिहू नकोस. त्याच्याकडे त्याचे अप्पा तेवढे उरलेत."

मी लिहिते आहे. तुझे अप्पा मोडले तर मोडू देत. तू, वहिनी आणि खारू मोडून मला चालणार नाही. अप्पा मला काही कमी लाडके नव्हते. भल्या माणसाला चारचौघांत चूक झाली म्हणणं जड गेलं. उद्या करू, परवा करू म्हणत राहिला आणि मग अंथरुणालाच खिळला. असं रोज घडतं. पण त्यांनी मनावरचं ओझं एकाच जागी उतरवून ठेवलं होतं रे. त्या दुसऱ्या पंपात.

आणि तो तू उपटलास. माझ्या एका वाक्यावर.

इतकी वर्षं तो माझ्या दाराशी आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी तो दाराला लावते. रोज त्याची ठेच लागते आणि रोज तुझी आठवण निघते, फारशी चांगल्या शब्दांत नाही. मला वाटायचं, तू तो रुसून टाकून गेलास. आज दुपारी त्याच्याकडे पाहिलं आणि हिशोब ध्यानात आला. धाकटी इतकी वर्षं एका पंपावर आहे. आणि तिचे कॉक ते.

तो पुसून, बादलीत सोडून चालवून पाहिला. चालतो. एक ट्रकवाला तुमच्याकडे निघालाय, त्याच्याबरोबर आजच पाठवते आहे. कारकूनसाहेब, खोकं आलं की याच्या हाती द्या, आणि घेतलं नाही तर त्याच्या डोक्यात घाला.

पुन्हा लिहिते: पाण्यात असताना हात लावू नकोस. मी खोटं सांगतेय हे सिद्ध करायलासुद्धा नको.

ताई


२२ फेब्रुवारी

तू हात लावलास.

पहिल्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं. शेवटच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. तू ते वाचलंस, पाना घेतलास, आणि बायकोला म्हणालास, "ये, दाखवतो तुला अप्पांचं पितळ."

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. शिपाई बोलवायला आला. ती इतक्या शांत आवाजात बोलत होती की मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

ती म्हणाली, तू पानासुद्धा नीट लावला नव्हतास. नुसता टेकवलास. इंजिनाचा कॉक देठापासून गळून पडला आणि पाण्याचा खांब उभा राहिला, तुझ्या छातीपर्यंत. तू तळहात दाबून धरलास तर बोटांच्या फटींतून सगळीकडे फवारे. होता तो पंप घरघरत होता आणि तरी पाणी फळ्यांवर चढत होतं. बूच टांगलेलं होतं, पण तू बोटीला रंग देताना दोरीवरूनही रंग फिरवलेला, गाठ दगडासारखी झालेली. खारूने ती दोरी दाताने तोडली. दाताने! हे ऐकून मी ऑफिसातल्या बाकावर बसले, आणि शिपायाने न विचारता पाणी आणून दिलं.

आणि खोकं धक्क्यावर. आल्या दिवसापासून. कारण तू म्हणाला होतास, "ते माझ्या बोटीवर येणार नाही."

कारकूनसाहेब, तुम्ही दुसऱ्यांची पत्रं वाचता ही अत्यंत वाईट सवय आहे. तिच्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. वहिनीने सांगितलं, हा पाना घेऊन बोटीवर चाललाय हे खिडकीतून पाहून तुम्ही टेबल सोडून धावत आलात, खोकं लाथेने फोडलंत आणि पंप तिच्या हाती दिलात. तिने तारांना चिमटे लावून बॅटरीला जोडला, नळी खिडकीतून बाहेर काढली. दोन पंप चालले तेव्हा कुठे पाणी चढायचं थांबलं, आणि तेव्हा कुठे तुला बूच भोकावर धरून हातोडी मारता आली.

बूच बसलं. मऊ लाकूड, इतकी वर्षं वाळलेलं, पाणी प्यायल्यावर फुगलं आणि भिंतीसारखं घट्ट झालं. वहिनी तरी फोन ठेवेना. म्हणाली, "ताई, त्याने बुचावरचा हात काढला, आणि पाणी येत नव्हतं, तरी तो पुन्हा पुन्हा हात लावून बघत होता."

क्रेन म्हणे तासाभरात रिकामी झाली. महिनाअखेर आली वाटतं.

माझ्या पत्रानेच तुला पाना उचलायला लावला, हे मला कळतंय. अप्पांचं लिहिलं नसतं तर तू महिनाअखेरपर्यंत थांबला असतास. कॉक थांबला असता का, ते मला माहीत नाही. शाळेतून घरी चालत येताना हाच एक प्रश्न उलटसुलट करत होते आणि त्याची कुठलीच बाजू मला सोयीची पडेना.

आईला सांगितलं. ती खुर्चीतून उठली, फडताळातून उरलेली लिंबं काढली आणि खिडकीतून एकेक करून बाहेर फेकली. खाली मिस्त्री उभा होता. एक त्याला लागलं. एरवी यावर मी तुला पानभर लिहिलं असतं.

आज एवढंच. तुम्ही तिघं कोरडे आहात ना, ते कुणीतरी मला कळवा.

ताई


९ मार्च

चि. बुच्या,

तू पाठवलेलं खोकं पोचलं. आम्ही दोघींनी ते टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ कुणीच उघडेना. शेवटी आई म्हणाली, "उघड, चावणार नाही."

आत जुनं पोतेरं, पोतेऱ्यात तुझा मोडका कॉक. तीच गुलाबी कड, तोच भुगा. मी डब्यामागून आमचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. जुळे. आईने दोघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकाच खोक्यातले." आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती रडली.  

चिठ्ठी कुठेच नव्हती. पोतेरं झटकलं, खोकं उलटं केलं. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला सापडलं, जाड पेन्सिलने, तुझ्या लेथवरच्या अक्षरात:

"दुसऱ्या पंपाची वायर कुठून नेऊ? बुच्या."

हे नाव लावणं तू शाळेत असतानाच सोडून दिलं होतंस. त्यावर मी काही बोलत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

थोरलीवर अप्पांनी केलंय तेच लिहिते, मी काल टॉर्च घेऊन स्वतः पाहून आले. मुख्य स्विचमधून नेऊ नकोस. बोट बंद करून घरी गेलास की पंपही बंद पडेल. थेट बॅटरीवरून घे, मध्ये फ्यूज टाक. तरंगता स्विच पहिल्या पंपाच्या स्विचपेक्षा चार बोटं वर बसव, म्हणजे पहिला कमी पडला की दुसरा आपसूक लागेल. नळी वेगळी, बाहेर पडायचं भोकही वेगळं आणि पाण्याच्या रेषेच्या बरंच वर. तारांचे जोड बुडात ठेवू नकोस, वर घे. नळ्यांना प्रत्येक टोकाला दोन दोन क्लिपा.

थोरलीत नवे कॉक बसले. या वेळी धातू बाईने आधी पारखला, मग मिस्त्रीने हात लावला. बसवून झाल्यावर तिने प्रत्येकावर हातोडी मारली आणि मला म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही मारा." मी मारली. टण्. असा स्वच्छ आवाज की खालचं मांजर उठून गेलं. आईलाही मारायला लावली. तिने तिन्ही कॉक दोनदोनदा ठोकले आणि विचारलं, "पुसायचे कशाने?" बाई म्हणाली, "पुसू नका, फिरवत जा." तर आता दर महिन्याला आई जाणार आणि सगळे कॉक बंद करून उघडणार. लिंबू घरात येत नाही. सरबताचीसुद्धा चोरी आहे.

अप्पांची बुचं मात्र तीच ठेवली आहेत. दोऱ्या नव्या घातल्या, सुटी गाठ मारून. तुझं फुगलेलं बूच काढलंस की टाकू नकोस, वाळवून ठेव. खारूला तिच्या दातांबद्दल आत्याचा नमस्कार सांग, आणि दोरीवरून पुन्हा रंग फिरवलास तर याद राख.

शाळेला सुट्टी लागली की आई तिकडे यायचं म्हणते. बोटीने. मी तिला म्हटलं, आधी त्याला विचारू. तर म्हणाली, "माझ्या लेकाच्या घरी जायला मी विचारू होय?" तेव्हा मी विचारत नाही, नुसतं कळवते आहे. थोरली तुमच्या धक्क्याला धाकटीशेजारी बांधायला जागा आहे का, ते कारकूनसाहेबांना पाहून ठेवायला सांग.

पंप दोन्ही ठेव. बंदरातलं कुणी विचारेल, एवढ्याशा बोटीत दोन कशाला, तर सांग, अप्पांच्या बोटीत पाण्याचा थेंब कधी शिरला नाही. म्हणून.

तुझी
ताई